कर्करुग्णाची रात्र आणि झोप



सौंसरजवळील जामसावळी येथे हनुमंताची मूर्ती निद्रिस्त मुद्रेत आहे. दुर्धर आजाराने पीडित अनेक जण तेथे दर्शनास येतात. त्यांत कर्करोगाचे रुग्णही असतात. अशा कुटुंबांशी बोलताना एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते, ती म्हणजे रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

ही तक्रार क्षुल्लक मानू नये. कर्करुग्णांपैकी सुमारे ३० ते ५० टक्के जणांना निद्रानाश सतावतो, असे निरनिराळ्या पाहण्यांत दिसून आले आहे. वेदना, मळमळ, चिंता ही कारणे उघड आहेत. परंतु कित्येकदा औषधच झोप उडवते. केमोथेरपीबरोबर मळमळ आवरण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. ते सायंकाळी घेतल्यास रुग्ण रात्री टक्क जागा राहू शकतो; म्हणून सकाळी घेतले तर चालेल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या भगिनींना रात्री अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होऊन दरदरून घाम फुटतो. संकोचापोटी पुष्कळजणी हे सांगतच नाहीत.

झोपेने कर्करोग बरा होतो, असे कोणी म्हटल्यास विश्वास ठेवू नये. तथापि झोप मोडली की वेदना अधिक बोचते, थकवा वाढतो, मन खचते, आणि उपचार अर्धवट सोडण्याचे विचार रात्रीच्या जागरणातच बळावतात.

आपल्याकडे मायेपोटी रुग्णाला दिवसभर अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. शरीरातील दिनरात्रीचे घड्याळ प्रकाशावर चालते (या घड्याळाच्या संशोधनास २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले आहे). डॉक्टरांची हरकत नसल्यास सकाळी ओसरीवर वा संत्र्याच्या बागेत कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसवावे. दुपारची डुलकी अर्ध्या तासात आटोपावी. रात्री वीसेक मिनिटांत झोप न आल्यास तळमळत पडू नये. उठून शांत बसावे व पेंग आल्यावरच अंथरुणावर जावे. सौम्य योगासनांचाही उपयोग होतो. अमेरिकेत कर्करोगाचे उपचार पूर्ण केलेल्या ४१० व्यक्तींवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चार आठवड्यांच्या योगाभ्यासाने झोप सुधारल्याचे आढळले.

आमच्या भागातील खरी अडचण प्रवासाची आहे. रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालते. त्यासाठी रोज पहाटे उठून नागपूर गाठायचे आणि रात्री परतायचे, यात झोपेचे खोबरे होते. शक्य असल्यास तितके दिवस तेथेच नातेवाइकांकडे वा धर्मशाळेत राहावे. मुंबईस जाणाऱ्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयाचे अनेक रुग्ण तिचा आश्रय घेतात. घरी भेटीस येणाऱ्यांनीही संध्याकाळी लवकर यावे, लवकर उठावे. आपल्याकडे हे सांगणे जड जाते, तेव्हा घरातील एखाद्या वडीलधाऱ्याने ते काम अंगावर घ्यावे.

वेदनेची गोळी 'सवय लागेल' या भीतीने लांबवू नये. डॉक्टरांनी नेमून दिलेल्या वेळीच घ्यावी. झोपेची गोळी मात्र मनाने दुकानातून आणू नये. रात्री उशाशी बसणाऱ्यांनी आपसांत पाळ्या लावाव्यात. आठवडाभर झोप केव्हा लागली, कशाने मोडली, हे वहीत टिपून पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.