गोधडीचे माप

गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात जरा कान देऊन उभे राहा. दुकानदार कापड मोजतो मीटरने. पण पन्हा विचारा, तर 'छत्तीस' नाहीतर 'चव्वेचाळीस' म्हणेल, आणि ते असतात इंच! वजनमापांचा कायदा १९५६ सालचा. आमच्या छत्रपती संभाजीनगरात तो निम्माच रुळला म्हणायचा.

याचा भुर्दंड पडतो गोधड्या शिवणाऱ्या मावशींवर. गिऱ्हाईक सांगते, "सात फूट लांब हवी," आणि अस्तर आणते दोन मीटर. सात फूट म्हणजे २१३ सेंटिमीटर. पाच इंच कापड कमी! धावदोऱ्याने गोधडी आटते ती वेगळीच. मग पट्टी जोडायची मावशींनी, चिंधी त्यांच्या पदरची, मजुरी मात्र ठरली तेवढीच. वर "आखूड केलीत" हे ऐकायचे.

बँकेत मी पीककर्जे पाहिली. सात-बाऱ्यावर हेक्टर-आर, शेतकऱ्याच्या तोंडी एकर-गुंठे. पण तिथे ताळा जमवायला आम्ही पगारी माणसे होतो. मावशींच्या दिमतीला कोण?

जुन्या नऊवारीत हा घोळ नव्हता. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. चार पदरी घडी घातली, की पावणेसात फुटांची गोधडी तयार. टेप लागायचीच नाही. आता नऊवारी नेसणाऱ्याच कमी, जुनी मिळणार कुठून?

मावशींनी हल्ली एक सुतळी केली आहे, सव्वादोन मीटरची, टोकाला गाठ मारलेली. गिऱ्हाईक आले की ती हातात देतात. म्हणतात, "दुकानात बोलू नका काही. एवढं द्या म्हणा."