कामाच्या रकान्यात आई कुठे?

जनगणना आली की आपण घरोघर फिरतो. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’च लिहा, हे घाटकोपरच्या रमाबाई नगरापासून मुलुंडच्या चाळींपर्यंत आपण सांगत आलो आहोत. त्याच फॉर्मवर पुढे कामाचाही रकाना असतो. त्याबद्दल मात्र आपण कधी बोललो नाही.

प्रगणक, म्हणजे बहुधा शाळेतले गुरुजी, विचारतात, “बाई काय करतात?” घरचा कर्ता सांगतो, “काही नाही, घरीच असते.” झाले! ती भगिनी ‘काम न करणारी’ ठरली. ती पहाटे पाण्याला उठते, डबे करते, टॉवरमधल्या चार घरची धुणीभांडी उरकते आणि दुपारी डझनाच्या भावाने टिकल्यांची पाकिटे भरते, हे सांगायचे राहूनच जाते.

जनगणनेच्या नियमाने वर्षात सहा महिने वा अधिक काम करणारा तो मुख्य कामगार, त्याहून कमी करणारा सीमांतिक कामगार. पैसे घेऊन परक्याची भांडी घासली तर ते काम, स्वतःच्या मोरीतली घासली तर नाही. घरी बसून भरलेली पाकिटेही कामातच येतात. म्हणजे आपल्या कित्येक आयाबहिणी नियमानेच कामगार आहेत. त्यांना वगळतो तो आपला “काही नाही”.

रमाईने गोवऱ्या थापून संसार रेटला, हे आपण दर जयंतीला ऐकतो. आजच्या हिशेबाने विकलेली गोवरी हे काम, पण घरच्या चुलीत घातलेली गोवरी हे घरकाम! शेण तेच, हात तेच.

2001 च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, कैदी यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसवले, यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्या. गांगुली यांनी 2010 साली एका अपघात-भरपाईच्या निकालात कडक ताशेरे ओढले. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. (आम्हा कार्यकर्त्यांच्या घरी मोजणी केली, तर 97 तरी भरतील का?)

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बाईच्या बाळंतपणाच्या भत्त्याची बाजू मांडली. पण तो हक्क मस्टरवर नाव असलेल्या बाईचा. घरकामगार बाईसाठी महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा व्हायला 2008 साल उजाडले, आणि तिथेही आधी कामगार म्हणून नोंद लागते.

नव्या जनगणनेची अधिसूचना जून 2025 मध्ये निघाली. तिचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. तेव्हा विहारातल्या रविवारच्या बैठकीत धर्माच्या रकान्याबरोबर हा रकानाही समजावून द्यावा, आणि तो बायांच्या समोर द्यावा. प्रगणक दारात येतो तेव्हा ती बहुधा तिसऱ्या इमारतीत भांडी घासत असते. उत्तर देणारे आपणच असतो.