पेशीच्या कारभारातील मोक्याची प्रथिने

मानवी पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. परंतु अगदी एकट्याने काम करणारे प्रथिन क्वचितच आढळते. एक प्रथिन दुसऱ्यास चिकटते, त्याचे कार्य सुरू करते किंवा थांबविते, आणि यातून परस्परसंबंधांचे एक विस्तीर्ण जाळे तयार होते. बहुसंख्य प्रथिनांचे संबंध मोजक्याच प्रथिनांशी असतात. थोडी मात्र अनेकांशी जोडलेली असतात. त्यांना मध्यवर्ती प्रथिने म्हणता येईल.

यीस्टच्या १,८७० प्रथिनांच्या जाळ्याचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पाच किंवा त्यांहून कमी संबंध असलेल्या प्रथिनांपैकी सुमारे २१ टक्के पेशी जगण्यास अत्यावश्यक होती; पंधरांहून अधिक संबंध असलेल्या प्रथिनांत हे प्रमाण ६२ टक्के होते. पुढील संशोधनात हे नाते इतके सरळ नसल्याचे दिसून आले. ज्या प्रथिनांचा अभ्यास अधिक, त्यांचेच संबंध अधिक नोंदले जातात, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

मध्यवर्ती प्रथिनाचे ठळक उदाहरण म्हणजे ‘पी-५३’. ३९३ अमिनो आम्लांचे हे प्रथिन १९७९ साली उजेडात आले, तेही माकडात आढळणाऱ्या एका विषाणूचे प्रथिन त्यास चिकटलेले सापडल्यामुळे! सुमारे दहा वर्षे ते कर्करोगास कारण समजले जात होते. प्रत्यक्षात ते कर्करोगास आवर घालणारे असल्याचे १९८९ च्या सुमारास स्पष्ट झाले. एरवी ‘एमडीएम-२’ नावाचे प्रथिन त्याचा सतत नाश घडवून आणते, म्हणून पेशीत ते अल्प असते. पेशीतील डीएनएला इजा पोहोचली की अन्य प्रथिनांकडून तशी सूचना येते, हा नाश थांबतो आणि पी-५३ चे प्रमाण वाढते. मग ते पेशीचे विभाजन रोखते, दुरुस्तीस अवसर देते, आणि इजा फारच मोठी असल्यास पेशीस मरण पत्करावयास लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत या प्रथिनाचे जनुक बिघडलेले असते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र हे जनुक बहुधा शाबूत असते. तेथे बिघाड बाहेरून येतो. एचपीव्ही या विषाणूच्या घातक प्रकारांचे ‘ई-६’ प्रथिन पेशीतीलच दुसऱ्या प्रथिनाला हाताशी धरून पी-५३ नष्ट करविते. ज्याच्या हाती अनेक दोऱ्या, त्यालाच विषाणू गाठतो. संसर्ग बहुतेक स्त्रियांत आपोआप ओसरतो. काहींत तो वर्षानुवर्षे टिकतो, आणि कर्करोग होण्यापूर्वीचा हा दीर्घ काळच तपासणीस उपयोगी पडतो.

या तपासणीची मोठी कसोटी महाराष्ट्रातच लागली. तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा समावेश असलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गावांत विषाणूची चाचणी एकदाच उपलब्ध करून देऊन दोष आढळलेल्या स्त्रियांवर उपचार झाले, तेथे या कर्करोगाने होणारे मृत्यू, अशी तपासणी नसलेल्या गावांच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आले होते.