दोन घरे, एक खाजगी नेटवर्क



पुण्याच्या घरी बाबांच्या कॉम्प्युटरवर असलेले जुने फोटो इथे बसून कसे बघायचे, हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांना पडतो. काहीजण त्यासाठी तिकडच्या राऊटरवर पोर्ट उघडून ठेवतात. आमचे स्पष्ट मत आहे की तसे करू नये. उघडे पोर्ट आपल्याला दिसते तसे साऱ्या जगाला दिसते. २०१६ साली 'मिराय' पसरला तो पासवर्ड न बदललेल्या कॅमेऱ्यांसारख्या घरगुती उपकरणांमधूनच. शिवाय भारतात अनेकदा कित्येक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता असतो. तिथे पोर्ट उघडून उपयोगही होत नाही.

टेलस्केल किंवा झीरोटियर हे सॉफ्टवेअर यावर चांगला उपाय आहे. दोन्हीकडे ते बसवले की प्रत्येक कॉम्प्युटरला एक खाजगी पत्ता आणि स्वतःची गुप्त किल्ली मिळते. कंपनीचा सर्व्हर लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा असतो. तो दोघांना एकमेकांचा ठावठिकाणा सांगतो आणि बाजूला होतो. मग दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना निरोप धाडतात. समोरून आलेला निरोप राऊटरला आपल्याच निरोपाचे उत्तर वाटते आणि तो त्याला आत सोडतो. हे जमले नाही तर माहिती मधल्या सर्व्हरमार्गे जाते, पण कुलूपबंद. किल्ली आपल्या यंत्राबाहेर जात नाही. मात्र नेटवर्कमध्ये कोणाला घ्यायचे हे खात्यावरून ठरते, तेव्हा त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी हवीच.

प्रिंटर किंवा कॅमेऱ्यावर हे सॉफ्टवेअर सहसा बसत नाही. त्यासाठी तिकडे रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर, शक्यतो इन्व्हर्टरवर, सतत चालू ठेवून त्याच्यामार्फत जावे लागते. इथे हमखास एक गोष्ट अडते. दोन्ही घरांतले पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होत असतील तर गोंधळ होतो. त्यातल्या एका घराचे बदलून घ्या, आणि हे काम सुट्टीत तिकडे गेल्यावरच करा. फोनवरून आईला राऊटरची सेटिंग्ज सांगत बसणे दोघांच्याही तब्येतीला बरे नाही!

हॉलमध्ये कॅमेरा लावायचा असेल तर आधी आईबाबांना विचारा. घर त्यांचे आहे. दिवसभर कोणीतरी आपल्याकडे बघते आहे हे त्यांना आवडेलच असे नाही. फक्त दारावरचा कॅमेरा चालेल म्हणाले तर तेवढाच दिसेल असा नियम टेलस्केलमध्ये करता येतो.

आणि हो, टेलस्केलमध्ये किल्लीची मुदत सहसा १८० दिवसांची असते. तिकडच्या कॉम्प्युटरपुरती ती बंद करून या, नाहीतर सहा महिन्यांनी संपर्क तुटेल आणि पुन्हा लॉगिन करायला तिकडे कोणीतरी लागेल.