२६ सप्टेंबर: एक खोटा अलार्म आणि एक ठरवून दिलेली धडक

आज २६ सप्टेंबर. दिनविशेषात मोठी नावं आहेत. १८२० साली ईश्वरचंद्र विद्यासागर, १९२३ साली देव आनंद, १९३२ साली डॉ. मनमोहन सिंग, तिघांचा जन्म आजचा. पण आज मला जास्त वेळ द्यायचाय तो स्तानिस्लाव पेत्रोव्ह या माणसाला.

साल १९८३. सोव्हिएत रशिया आणि अमेरिका यांच्यात कमालीचा तणाव. त्याच महिन्याच्या १ तारखेला सोव्हिएत लढाऊ विमानानं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, २६९ माणसं गेली. अशात २६ तारखेला, मध्यरात्र नुकतीच उलटलेली असताना, मॉस्कोच्या दक्षिणेला एका लष्करी बंकरमध्ये अलार्म वाजला. उपग्रह सांगत होता, अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलंय. थोड्या वेळात दुसरं, तिसरं... एकूण पाच.

ड्युटीवर होते ४४ वर्षांचे लेफ्टनंट कर्नल पेत्रोव्ह. आता सोशल मीडियावर फिरतं तसं त्यांच्या हातात काही लाल बटण वगैरे नव्हतं हं. त्यांचं काम एवढंच, की इशारा खरा की खोटा ते वर कळवायचं. पण क्षेपणास्त्र पोहोचायला जेमतेम अर्धा तास लागतो. म्हणजे वरच्यांनाही विचाराला वेळ नाहीच. त्यामुळे हे 'एवढंच' काम फार मोठं होतं.

त्यांनी कळवलं: खोटा अलार्म. का? एक तर, युद्ध सुरू करायचं तर कुणी पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? दुसरं, यंत्रणा नवी होती, तिच्यावर त्यांचा पुरता विश्वास नव्हता. आणि जमिनीवरच्या रडारला काहीच दिसत नव्हतं. तरी खात्री नव्हती. आपला अंदाज फिफ्टी-फिफ्टी होता, असं त्यांनी पुढे सांगितलं.

मग उपग्रह फसला कसा? तो पृथ्वीकडे तिरका, कडेनं बघायचा, म्हणजे क्षेपणास्त्राची ज्वाळा मागच्या काळ्या आकाशावर उठून दिसावी. पण दिवस-रात्र समान असण्याच्या त्या दिवसांत सूर्य, ढग आणि उपग्रह नेमके अशा कोनात आले, की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन त्याला ज्वाळा वाटलं. बस, एवढंच! पेत्रोव्ह यांना बक्षीस सोडाच, त्या रात्रीची नोंदवही नीट भरली नाही म्हणून बोलणी खावी लागली. २०१७ मध्ये ते गेले, ती बातमीसुद्धा जगाला काही महिन्यांनी कळली.

योगायोग बघा, आजच संयुक्त राष्ट्रं अण्वस्त्रांच्या संपूर्ण निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस पाळतात. तारीख मात्र पेत्रोव्ह यांच्यामुळे नाही, २०१३ साली याच दिवशी झालेल्या बैठकीमुळे ठरली. जगात नऊ देशांकडे अण्वस्त्रं आहेत, त्यात आपणही आलो.

आता सायन्स. २०२२ सालचा २६ सप्टेंबर. (आपल्याकडे २७ ची पहाट, ४ वाजून ४४ मिनिटं.) नासाचं डार्ट यान डिमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं. वेग सेकंदाला सहा किलोमीटरच्या वर! पृथ्वीकडे एखादा दगड येत असेल तर त्याला ढकलता येतो का, ही परीक्षा होती.

गंमत म्हणजे शेवटचे चार तास सुकाणू माणसाच्या हातात नव्हतंच. यान १.१ कोटी किलोमीटर दूर. फोटो आपल्याकडे येऊन आपली आज्ञा परत जायला सव्वा मिनिट लागणार, तेवढ्यात यान साडेचारशे किलोमीटर पुढे. त्यामुळे कॅमेरा बघून यानानं स्वतःच नेम धरला. इथे मशीनवर सोडणं मला पटतं, कारण नेम चुकला असता तर फक्त एक यान वाया गेलं असतं. बंकरमधला हिशोब वेगळा होता.

निकाल? डिमॉर्फस त्याच्या मोठ्या जोडीदाराभोवती, डिडिमॉसभोवती, ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा. धडकेनंतर ही फेरी अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी यश मानायचं ठरलं होतं!

असा दगड अडवला नाही तर काय होतं, ते बघायला लांब जायला नको. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर हे अशाच धडकेनं बेसाल्टमध्ये पडलेलं विवर, जवळपास १.८ किलोमीटर रुंद. तिकडे डिमॉर्फसवर डार्टनं खड्डा पाडला की त्याचा आकारच बदलला, हे जवळून तपासायला युरोपचं हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं. त्याचे फोटो आले की त्यावर वेगळा एपिसोड करू. भेटू उद्या!