दुकानाचा हिशोब – भाग 6 : कार्डाचे दोन टक्के कोणी भरायचे?

मागच्या भागात आपण उधारीचा खर्च मोजला. आज कार्डाचा मोजू.

मीरा रोड पूर्वेच्या पूनम सागरमध्ये इमारतींच्या तळमजल्यावरच्या दुकानांत मोबाइल मिळतो, चष्मा बनतो, औषधं मिळतात. अशा कुठल्याही दुकानात क्रेडिट कार्ड पुढे केलं की एक वाक्य हमखास कानावर पडू शकतं : ‘कार्डावर दोन टक्के एक्स्ट्रा लागतील.’ सांगणारा लबाड असतो असं नाही. त्याच्या खात्यात खरंच कमी पैसे जमा होतात. तरीही ही वसुली चुकीच्या जागी होते, असं माझं ठाम मत आहे.

बँक दुकानदाराकडून कापते त्या रकमेला एमडीआर म्हणतात. ती कार्ड देणारी बँक, मशीन देणारी बँक आणि कार्डाचं नेटवर्क यांच्यात वाटली जाते. मात्र सगळ्या व्यवहारांना दर एक नाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी 2020 पासून एमडीआर शून्य आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे दिले, तर मात्र ही सूट सरसकट मिळत नाही. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 पासून मर्यादा घातली : वार्षिक उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त 0.40 टक्के, त्यावर 0.90 टक्के. हा भार ग्राहकावर टाकला जाणार नाही, हे बँकांनी पाहायचं आहे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथला दर करारात ठरतो. पण त्याच करारात ग्राहकाकडून वेगळं शुल्क घेऊ नये, अशी अटही बहुधा असते. ती न वाचताच सही केलेली असते.

दुसरी अडचण एमआरपीची. छापील किमतीला विकलेल्या पाकीटबंद वस्तूवर दोन टक्के चढवले, की वसुली एमआरपीच्या वर जाते आणि वैधमापनशास्त्राचे नियम मोडतात. ग्राहक राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार करू शकतो.

आता आकडे मांडू. समजा क्रेडिट कार्डाचा दर 1.8 टक्के आहे आणि त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी. 20,000 रुपयांच्या मोबाइलवर 424.80 रुपये गेले. मार्जिन चार टक्के, म्हणजे 800 रुपये असेल, तर निम्म्याहून जास्त नफा संपला. 3,000 रुपयांच्या चष्म्यावर 63.72 रुपये जातात. तिथे मार्जिन 1,200 असेल तर फारसं जाणवत नाही. म्हणून शेजारच्या दुकानाचं धोरण उचलू नका, आपल्या मालाचं मार्जिन बघा. नियमित जीएसटी भरणाऱ्याला कमिशनवरच्या कराचं क्रेडिट साधारणपणे मिळतं, कंपोझिशनवाल्याला नाही. हे सीएंना विचारून घ्या.

शिवाय सगळेच ग्राहक क्रेडिट कार्ड वापरत नाहीत. विक्रीचा चौथा हिस्सा क्रेडिट कार्डावर होत असेल, तर याच दराने एकूण विक्रीच्या दर 100 रुपयांमागे खर्च पडतो जेमतेम 53 पैसे. भाडं आणि विजेचं बिल आपण ग्राहकाला वेगळं लावत नाही, किमतीत धरतो. हे 53 पैसेही तिथेच धरायचे.

धोरण ठरवायचा क्रम असा ठेवा :

1. बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढून यूपीआय, डेबिट आणि क्रेडिटची विक्री वेगळी करा.

2. करार वाचा, जादा आकारणी आणि किमान रकमेच्या अटी तपासा. विक्री वाढली असेल तर बँकेशी दराची घासाघीस करा.

3. सरासरी खर्च किमतीत धरा. एमआरपीच्या मालात तो धरता येत नाही. तिथे देत असलेली सूट थोडी कमी करा.

4. मार्जिन इतकं बारीक असेल की तेही परवडत नाही, तर क्रेडिट कार्ड स्वीकारूच नका. तसं दारावर लिहा.

5. माल परत आला तर पैसे त्याच कार्डावर परत करा. हे सगळं गल्ल्यावरच्या प्रत्येकाला माहीत हवं.

ग्राहकाला किंमत खरेदी ठरवण्याआधी कळणं हा त्याचा हक्क आहे. माल पिशवीत गेल्यावर आणि कार्ड हातात आल्यावर वाढवलेला आकडा त्याला नाही म्हणायची संधीच ठेवत नाही. म्हणून दोन टक्क्यांचा निर्णय दुकानदाराने दर लावतानाच घ्यावा.

पुढील भागात : मालाची परतफेड आणि त्याची नोंद.