सही लंडनमध्ये, कुलूप दिल्लीत

लंडनमध्ये २४ जुलै २०२५ला भारताचे वाणिज्य व उद्योगमंत्री पीयूष गोयल आणि ब्रिटनचे तेव्हाचे व्यापारमंत्री जोनाथन रेनॉल्ड्स यांनी भारत-ब्रिटन मुक्त व्यापार करारावर सह्या केल्या. स्कॉच किती स्वस्त होणार याचा हिशेब वाचकांनी एव्हाना मांडला असेल. तो इथे नको. वाणिज्य व उद्योगमंत्र्याच्या हातात खरी सत्ता किती असते, हे समजून घ्यायला लंडनपेक्षा कांदाबाजाराचं लासलगाव बरं.

ब्रिटनचा बाजार उघडायला जानेवारी २०२२ पासून घासाघीस चालली होती. बाजार बंद करायला मात्र एक कागद पुरतो. विदेश व्यापार महासंचालनालय याच मंत्र्याच्या हाताखाली येतं आणि १९९२च्या कायद्याच्या आधारे कुठल्याही मालाची निर्यात रोखण्याची अधिसूचना तिथूनच निघते. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क बसलं, ते अर्थखात्याचं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं. ७ डिसेंबरला अधिसूचना निघाली आणि ८ तारखेपासून थेट बंदी! डिसेंबरात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत टिकत नाही, मिळेल त्या भावाला विकावाच लागतो.

गंमत अशी, की तेव्हा ग्राहक व्यवहार खातंही गोयल यांच्याकडेच होतं. निर्यात वाढवा आणि शहरातले भाव दाबा, ही दोन्ही कामं एकाच माणसाची. निवडणूक तोंडावर असताना त्यात कोण जिंकणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला हवा? बंदी उठली ४ मे २०२४ला, कांदापट्ट्यातल्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघातल्या मतदानाच्या जेमतेम दोन आठवडे आधी. तिथे केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या. उरलेलं शुल्क जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

आपले सुरेश प्रभू या खात्यात होते तेव्हा, डिसेंबर २०१८ मध्ये, कृषी निर्यात धोरण आलं. प्रक्रिया केलेल्या आणि सेंद्रिय मालावर निर्बंध घालणार नाही, अशी हमी त्यात होती. शेतातून थेट बाजार समितीत येणारा कांदा तिच्याबाहेरच राहिला.

टंचाईत निर्यात रोखण्याचा अधिकार सरकारला हवाच. पण महिनाभर आधी सांगायला काय हरकत आहे? रातोरात माल अडकला की परदेशातलं गिऱ्हाईक दुसरा विक्रेता शोधतं. जानेवारी २०२५ मध्ये विदेश व्यापार धोरणात संबंधितांची मतं मागवण्याची तरतूद झाली खरी; पण सरकारला वाटलं तर न विचारताही निर्णय घेता येईल, असंही तिथेच लिहून ठेवलं आहे. ही पळवाट आधी बुजवा, मग पुढच्या कराराचे फोटो काढा.